ऱ्हाइनकाठचा पिंड

काठावर दोन काठ्या होत्या. बसायची एक पेटी होती आणि अळ्यांचा एक डबा, ज्यावर चुकूनही बसायचं नसे. भिजवलेल्या पावाच्या चुऱ्याचे मुठीएवढे सहा गोळे होते. शिशाची चार वजनं, स्प्रिंगचा एक काटा, एक सुरी, एक आखूड लाकडी दंडुका, कॉफीचा एक थर्मास आणि पेले दोन. हवेचं तापमान उणे चार, पाण्याचं अधिक तीन. माणसं दोन. मासे शून्य.

भास्करने हे सगळं वहीत टिपलं तेव्हा रविवार, २९ जानेवारी १९६१ च्या सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऱ्हाइनचा मुख्य प्रवाह तिथून बराच पलीकडे. हा तिचा जुना, सोडून दिलेला फाटा, एर्फेल्डन गावाच्या मागून संथ वळसा घेऊन जाणारा. डार्मश्टाटहून पहाटेची गाडी पकडायची, गोडेलाउला उतरायचं आणि पाऊण तास चालायचं.

"आज चौथा रविवार," हेर कुंकेल म्हणाले. "आजही शून्य आलं तर वहीत माझं नाव घालू नका, हेर डॉक्टर."

"मी अजून डॉक्टर नाही."

"जा, ते मला कोण सांगणार? तुमची यंत्रं मीच तर फुंकतो."

कुंकेल हे भास्करच्या इन्स्टिट्यूटमधले काचकारागीर. काचेच्या नळ्या ज्योतीत धरून, फुंकून, वळवून ते संशोधकांना हवी ती उपकरणं करून देत. वय एकसष्ट. त्यांचा एकुलता मुलगा चव्वेचाळीस साली पूर्वेकडच्या आघाडीवर बेपत्ता झाला, तो बेपत्ताच राहिला. भास्कर मूळचा वेंगुर्ल्याचा, वय एकोणतीस. अतिथंड तापमानात वायू कोळशाच्या भुकटीला किती चिकटतात हे मोजायला त्याला एक नाजूक काचेचं यंत्र लागे, आणि ते वर्षातून एकदा तरी तडकायचंच. कुंकेल ते पुन्हा जोडायचे. दुसऱ्यांदा जोडून झाल्यावर त्यांनीच विचारलं होतं, मासे धरता का म्हणून.

धरत होता. वेंगुर्ल्याच्या खाडीवर वडिलांनी, तात्यांनी, त्याच्या हातात गरी दिली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. इथली तऱ्हा निराळी. थंडीत मासा तळाशी सुस्त पडून राहतो, त्याला उठवायचं तर लाडीगोडी लावावी लागते. म्हणून ते पावाचे गोळे. कुंकेलांचा मंत्र एकच होता: आदल्या दिवशी चारा टाकावा, म्हणजे मासे रातोरात गोळा होतात आणि सकाळी येऊन बसावं. पण शनिवारी बायको त्यांना सोडत नसे. तेव्हा गोळे रविवारी सकाळीच पडायचे आणि मासे बहुधा सोमवारी जमत असावेत.

आज भास्करला यायचंच नव्हतं. पण काय सांगून टाळणार? कुंकेल सहाला दारात उभे राहिले तेव्हा तो रात्रभर जागाच होता.

झालं होतं ते असं. नऊ जानेवारीला तात्या गेले. दहाला तार आली. मोठ्या भावाची, श्रीरंगदादाची: तू निघू नकोस, पोचणार नाहीस. काल, शनिवारी दुपारी, त्याचं पत्र आलं. पाकिटात एक पान, त्या पानाच्या घडीत दर्भाच्या दोन काड्या आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर काळे तीळ.

दादाने लिहिलं होतं: "दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. सव्वादोन तास थांबलो. धाकट्या सुलेखाचं लग्न मी लावून देतो म्हणालो, आला नाही. आईला अंतर देणार नाही म्हणालो, आला नाही. शेवटी आई स्वतः पुढे झाली आणि म्हणाली, भास्कर परत येईल. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि उडून गेला. मग दर्भाचा कावळा करून शिववला. आई म्हणते, दुसऱ्याच्या तोंडचं त्यांना पटायचं नाही, ज्याचं त्याने सांगावं. तिथे नदी असेलच. पत्र मिळेल त्या दिवशी पिंड करून पाण्यात सोड, कधी येणार ते तात्यांना सांग, आणि घेतला की नाही ते आईला उलटटपाली कळव. ती जेवणावरून उठते आहे. तीळ तिकडे मिळतात की नाही ठाऊक नाही म्हणून पाठवले. तिचं समाधान व्हावं म्हणून खोटं मात्र लिहू नकोस. तिला कळतं."

दोन वर्षांत येतो असं सांगून भास्कर सत्तावन्नच्या ऑक्टोबरात निघाला होता. दोन वर्षं सरली तेव्हा त्याने आणखी सहा महिने मागितले, मग आणखी सहा. आईच्या पत्रांखाली तात्यांच्या दोन ओळी असत: प्रकृतीस जपावे, थंडीत डोके झाकावे. दुसऱ्यांदा मुदत मागितल्यावर त्या ओळी थांबल्या. तळाची जागा कोरी यायला लागली. अशी चौदा पत्रं आली. भास्करला काही सुचत नव्हतं असं नाही. त्याने ठरवलं होतं की आता तात्यांना लिहायचं ते नक्की तारीख घेऊनच. अंदाज कळवायचा नाही. मोजमापं पुरी होऊ देत, मग लिहू. यंत्र तडकलं. मग जोडून झालं. मग पुन्हा तडकलं. तारीख काही नक्की होईना आणि पत्र काही जाईना.

काल दुपारी घरमालकीणबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं होतं. म्हणून त्याने प्रयोगशाळेत जाऊन, खिरीसाठी मिळतो तो जाड तांदूळ चंचुपात्रात शिजवला. पुडी उघडल्यावर सवयीने तीळ मोजले. बासष्ट निघाले. ते सगळे भातात कालवून पिंड वळला आणि चारच्या गाडीने तो निघाला. कुठे जायचं हा प्रश्नच पडला नाही, कारण परमुलखात त्याच्या ओळखीचं पाणी एकच होतं, आणि त्या पाण्याच्या काठावरही ओळखीची जागा एकच.

पिंड हातात घेऊन तो काठाशी उभा राहिला. "तात्या," म्हणाला आणि अडला. कुठलीही संख्या सांगताना तिच्यामागे थोडं कमी-जास्त जोडायची त्याला सवय. मग एका दमात म्हणाला, "ऑगस्टमध्ये येतो." पुढे काही जोडलं नाही. वाकून पिंड पाण्यात सोडला. तो सरळ तळाशी गेला. भास्कर एक तास दहा मिनिटं थांबला. पाणी हललं नाही. अंधार पडला. खाली काय झालं ते बघायचं काहीच साधन त्याच्याकडे नव्हतं, आणि आईला कळवायला 'निरीक्षण करता आले नाही' याहून खरं असं एकही वाक्य नव्हतं. रात्रभर तो त्या वाक्यापाशी जागा राहिला होता.

आणि तरीही, वर्षभर कुंकेलांच्या शेजारी बसून चाऱ्याचं शास्त्र ऐकलेल्या या माणसाच्या मनात एक साधी गोष्ट आली नाही. पिंड हा पिंड होता आणि चारा हा चारा.

नऊ वाजून वीस मिनिटांनी त्याच्या गळाचं तरंगतं बूच थरथरलं, आडवं झालं आणि सावकाश पाण्याखाली गेलं.

"ओढा," कुंकेल हळूच म्हणाले. "अं हं, झटका नको. थंडीतला मासा आहे, त्यालाही वेळ द्या."

काठी वाकली. मासा भांडला नाही, नुसता जड झाला. तीन-चार मिनिटांनी तो कडेला आला. रुंद, चपटा, जुन्या पितळेच्या रंगाचा ब्राख्स. चार रविवारांतला पहिला.

"बघा, बघा," कुंकेल खुशीत आले. "माझी लाज राखलीत. घ्या, दंडुका तुमचा. ज्याने धरला त्याने मारायचा, उगाच तडफडत ठेवायचा नाही."

भास्करने डाव्या हाताने मासा दाबून धरला आणि डोळ्यांच्या वर एक टोला दिला. एकच पुरला.

पाठोपाठ कुंकेलांना लालडोळे जातीचे दोन लहान मासे मिळाले, मग आणखी एक. कुंकेलांनी टोपी मागे सारली. "आल्झो, मला हे आवडलं नाही," ते म्हणाले. त्यांना ते फारच आवडलेलं दिसत होतं. "तीन आठवडे स्मशान, आणि आज जत्रा? काल इथे कुणीतरी चारा टाकून गेलंय. मासेमारी क्लबातलाच कुणी लबाड असणार. माझी जागा हेरून ठेवलीय."

भास्करचे हात थांबले. चारा हा शब्द त्याने आज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला.

"काय टाकलंय ते आत्ता कळेल," कुंकेल म्हणाले आणि ब्राख्स जवळ ओढला. मासे ते काठावरच साफ करायचे, कारण घरी खवले दिसले की बायको जेवायला वाढत नसे. सुरीने पोट उघडलं, आतडं बाहेर काढलं आणि बोटाने दाबून पाहिलं. पांढरा लगदा आला. त्यात काळे ठिपके होते.

"खसखस?" कुंकेलांनी डोळे बारीक केले. "खसखस घालतं का कुणी चाऱ्यात? बेकरीवाला दिसतोय."

"द्या इकडे," भास्कर म्हणाला.

त्याने तो लगदा वहीच्या कोऱ्या पानावर घेतला. या माशांच्या घशात दात असतात, त्यांत भाताचं पीठ झालं होतं. तीळ मात्र बारीक, गुळगुळीत. ते तसेच निसटून आले होते. त्याने सुरीच्या टोकाने एकेक दाणा बाजूला घेतला. मोजून झाल्यावर पुन्हा उलट दिशेने मोजले.

"एकोणीस," तो म्हणाला.

"कसले?"

"माझ्या घरून आलेत." आणि मग बर्फाळ काठावर गुडघे टेकून बसल्या-बसल्या त्याने सगळं सांगितलं. दहावा दिवस, कावळा, आईचं जेवणावरून उठणं, चंचुपात्रातला भात, ऑगस्ट. त्याचं जर्मन पुस्तकी, त्यात पिंडाला शब्द नव्हता. तो त्याने 'वडिलांचं जेवण' असा सांगितला. "घेतला की नाही हे मला कळणार नव्हतं," तो म्हणाला. "आता कळलं. घेतला होता. माझ्यावर विश्वास ठेवून घेतला, आणि सकाळी मीच..." त्याने दंडुक्याकडे पाहिलं. वेंगुर्ल्याची तार आली त्या दिवशी तो रडला नव्हता. आता तो वहीवर पालथा हात धरून रडत होता, तीळ उडू नयेत म्हणून.

थर्मासचं झाकण कुंकेलांनी उघडलं आणि तसंच बंद केलं.

"एकोणीस दाणे पुष्कळ झाले, हेर डॉक्टर," शेवटी ते म्हणाले. "आम्हाला एकही मिळाला नाही."

मग त्यांनी आपले तिन्ही मासे पेटीत टाकले. ब्राख्सकडे हनुवटीने खूण केली. "याला तव्यावर घालता येणार नाही."

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि इथे कडेलाही नको. हेश्ट मासा येऊन खाईल, सुरीसारखे दात असतात त्याचे, नाहीतर उद्या कुणाच्या तरी गळाला लागेल." ते उठले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. वीस पावलांवर क्लबाची सपाट होडी साखळीने बांधलेली होती. कडेचा पातळ बर्फ वल्ह्याने फोडत दोघं आत गेले.

भास्करने तीळ माशाच्या पोटात परत ठेवले होते. दर्भाची एक काडी काल खिशात तशीच राहिली होती, तीही ठेवली. कुंकेलांनी खोली मोजायची दोरी घेतली, तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली होती. टोकाशी शिशाची दोन वजनं बांधली आणि त्यांना मासा. काचेच्या सांध्याला बांधतात तशी, कल्ल्यांच्या मागून, कुठे दाब येऊ न देता.

"आईला काय लिहिणार?"

"घेतला म्हणून."

"आणि हे?"

"ते तिने विचारलेलं नाही."

कुंकेलांनी वल्हं पाण्यात धरून होडी थांबवली. "ऑगस्ट म्हणालात ना? मग ते यंत्र मला मार्चच्या आत नवं करून द्यावं लागेल. जुनं जोडत बसण्यात अर्थ नाही. उद्या आकृती घेऊन या."

भास्करने मान हलवली. इथलं पाणी काळं होतं आणि जराही हलत नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी मासा पाण्यावर धरला, बोटं बधिर होईपर्यंत धरला, आणि सोडला. दोरी तळव्यातून सरकत गेली. गाठी एकामागून एक बोटांना लागत होत्या, त्या तो मोजत होता. आठव्या गाठीनंतर थोडीशी दोरी गेली आणि सैल पडली. पाण्याच्या रेषेवर त्याने अंगठा धरला, कुंकेलांनी तिथेच सुरी लावली, आणि अंगठ्याखालचं टोक त्याने सोडून दिलं.

चार मीटर दहा सेंटिमीटर.