वास गेलेलं पाणी

परिचारिका सकाळपासून वस्तीच्या तोंडाशी उभी होती. वस्तीत पाणी शुद्ध करायच्या औषधाच्या बाटल्या तिनेच घरोघर वाटल्या होत्या, आणि ती मोहीम कितपत लागू पडली हे बघायला आज वरून बाई आल्या होत्या. पाहणी वाईट निघाली, तर औषध बंद.

"विचारा ना कुणालाही," ती म्हणाली. "सगळ्या रोज टाकतात."

"विचारलं की सगळे हो म्हणतात गं. मीही डॉक्टरांना सांगते, रोज चालते म्हणून," पाहणीवाल्या बाई हसल्या. "मी आपली पाणी मागते."

रीत साधी होती. पेलाभर पाणी घ्यायचं, त्यात बाईंजवळच्या तपासणीच्या कुपीतला एक थेंब सोडायचा. औषध असलं तर पाणी पिवळं होई.

पहिल्या घरचं पाणी नितळच राहिलं. दुसऱ्या घरचंही. 

पुढचं दार तिच्या धाकट्या जावेचं. बाई बाहेर चपला काढत होत्या, तेवढ्यात जाऊ कानाशी लागली. "ताई, तोंड का उतरलंय? टाकू का आत्ता चार थेंब? कोणाला कळतंय!"

जावेच्या कडेवर तान्ही होती, जुलाबांनी मलूल झालेली. हो म्हणायचं परिचारिकेच्या अगदी ओठांवर आलं.

"नको. पण रोज टाकतेस ना गं?"

"टाकते तर! तुम्हीच नाही का सांगितलंत? थेंब टाकायचे, मग खळखळ उकळायचं. वास जातो."

परिचारिकेने पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं. वासाने बायका नाकं मुरडायच्या, म्हणून ही युक्ती तिनेच दारोदार सांगितली होती. वासाबरोबर औषधही उडून जात होतं. निवलेल्या पाण्यात मग पोरांचे हात बुडायचे, आणि राखणीला आत काहीच उरलेलं नसायचं.

याही घरचा पेला नितळ राहिला.

"बाई," ती म्हणाली, "औषध वाईट नाही. बायकाही खोटं बोलत नाहीत. टाकून उकळायला... मीच सांगितलं."

बाईंनी पेला खाली ठेवला. "बरं झालं बोललीस. नाहीतर बायका औषध टाकतच नाहीत, असं लिहून मी मोकळी झाले असते."

"मग आता?"

"आता पहिल्या दारापासून सांगत ये. आधी उकळा, निवू द्या, मग थेंब. मी परत येईन पाणी मागायला."

तान्ही किरकिरली. जावेने भांड्यात वाटी बुडवली आणि तिच्या ओठांशी नेली.

"थांब!" परिचारिका ओरडलीच. वाटी धरलेला जावेचा हात तिने घट्ट पकडला, आणि कितीतरी वेळ तिला तो सोडवेना.