अर्धा बोलका

"काय लिहिलंय?" मोहनरावांनी कोपर मारलं.

"ती म्हणतेय, घरातला पाव संपला, तुमची दारू तेवढी संपत नाही," लीलावती म्हणाली.

मागून सुप्रभा म्हणाली, "लीलाताई, जरा मोठ्यानं. चष्मा घरीच राहिलाय माझा."

लीलावतीनं आवाज चढवला. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या त्या हॉलमध्ये दर बुधवारी मराठी म्हाताऱ्यांसाठी जुना सिनेमा लावत. आजचा अमेरिकन, बोलपट नुकते येऊ लागले तेव्हाचा. अर्धा मुका, अर्धा बोलका. मुक्या भागात संवाद पडद्यावर लिहून येत. नवऱ्याची नजर गेल्यापासून ते वाचायचं काम तिचं. थेट मराठीत वाचायची, बाईचा आवाज वेगळा, बाप्याचा वेगळा.

जन्मभर या माणसानं तिला बोलू दिलं नव्हतं. शाळेच्या किचनमध्ये कामाला असताना ती गोऱ्या पोरांना दटावायची. पण जीपी डॉक्टरसमोर तिचं पोट कुठं दुखतं हेही हाच सांगायचा. "शी इज शाय." शाय कसली, डोंबलाची. त्याचे डोळे गेले तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आत कुठंतरी बरं वाटलं होतं. आता तरी हा माझं ऐकेल. आणि बुधवारी तो ऐकायचा.

अचानक पडद्यावरची बाई खरंच बोलली. खरखरीत, नाकातून. लीलावती भरात होती; तेही मराठीत सांगू लागली.

"अगं गप. इंग्लिश कळतं मला. मध्ये तुझी कटकट नको."

"चांगलं सांगत होत्या की, भाऊ," सुप्रभा म्हणाली.

"तिला कुठं थांबायचं ते कळत नाही हो."

चारपाच जण हसले. त्याच्या प्रत्येक विनोदाला हसणारे, नेहमीचेच. लीलावतीनं तोंड मिटलं.

पडद्यावरचं बोलणं थोडा वेळच टिकलं. मग नुसतं वाद्यसंगीत, आणि पुन्हा अक्षरं. त्या काळी असंच ठिगळकाम चालायचं.

"काय म्हणतेय?" कोपर.

ती बघत राहिली.

"लीला, झोपलीस का?"

"जागी आहे."

"मग वाच की."

"बोलपट आहे ना. ऐका."

पुन्हा कोपर आलं नाही. त्याचा हात चाचपडत तिच्या हातापर्यंत आला आणि थांबला. तिनं आपला हात काढला नाही, त्याचा धरलाही नाही.

पडद्यावरची बाई ट्रंक घेऊन दाराशी उभी राहिली. मग काळ्यावर पांढऱ्या चार ओळी आल्या. लीलावतीनं त्या सावकाश वाचल्या. मनात, एकटीपुरत्या.