मागच्या बाकापर्यंत

मालिंडाने गाडीच्या सरकत्या दारावर बोटाचं पेर आपटलं. एरवी रिकाम्या पिंपासारखा ठणठणणारा पत्रा आज नुसता ‘धप्’ म्हणाला. तिने पुन्हा आपटलं, जरा जोरात.

“आता नाही बोलायचा तो, मालिंडाबाई,” वेंडेल म्हणाला. “तोंड बंद केलंय त्याचं.”

“पत्र्याचं केलंस. तुझं कधी करणार?”

काळ्या टोप्यांच्या नाड्या बांधत उभ्या असलेल्या बायका हसल्या. वेंडेलही हसला. घोडागाडी पोचत नाही तिथवर, स्वतःच्या मोटारी न बाळगणाऱ्या आमिश पंथाच्या मंडळींना नेणं-आणणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि मालिंडाची जीभ त्याला नवी नव्हती. तुझ्या गाडीत बसणं म्हणजे खिळ्यांच्या डब्यात बसून उतारावरून गडगडणं, असं ती दर खेपेला ऐकवायची. शेवटी या सुगीनंतर त्याने सगळी बाकं उपसून काढली, तळाचा पत्रा उघडा केला आणि त्यावर डांबरासारखे चिकट रबरी तक्ते लाटणं फिरवून बसवले. चाकांवरच्या फुगवट्यांना दुहेरी थर दिला. दारांच्या पोकळीत लोकर ठासली, तीही मालिंडाच्या लेकाच्या, मेर्विनच्या मेंढ्यांची. पुढच्या दोन आसनांच्या मधोमध इंजिनाचा उंचवटा होता, त्याला तर त्याने रजईच शिवून घातली होती.

“तुमच्या बोलण्यापायी केलं हो सगळं,” तो म्हणाला.

“चालली की कळेल.” कौतुक करायची सवय मालिंडाच्या तोंडाला नव्हती.

इंडियानातल्या भाचीचं लग्न होतं. पुरुष दुसऱ्या गाडीने गेले होते. चालकामागचं पहिलं बाक मालिंडाचं. तिथे बसायची दुसऱ्या कुणाची प्राज्ञा नव्हती. शेजारी धाकटी बहीण सलोमा, मधल्या बाकावर शेजारच्या दोघी विणकाम घेऊन, आणि अगदी मागे, लग्नासाठी भाजलेल्या ‘ॲपल पाय’च्या डब्यांना सांभाळत, सून लोविना.

गाव मागे पडलं. कापलेल्या मक्याची शेतं दोन्ही बाजूंनी पळायला लागली आणि मालिंडा नेहमीसारखी सलोमाकडे कलली. हा तिचा मन मोकळं करायचा वेळ. घरी तिच्या खोलीला लागूनच सुनेचं स्वयंपाकघर होतं. तिथे तिने लोविनाला तोंडावर कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता, आणि त्याचा तिला आतून मोठा ताठा होता. जे काय साठायचं ते या गाडीत, इंजिनाच्या घरघराटात, बहिणीच्या कानात ओतायचं. वेंडेलला त्यांची घरची बोली कळत नसे. बाकीच्यांना, तिच्या हिशेबाने, ऐकूच जात नसे.

आधी पावावरून झालं. मग कपडे वाळत घालायच्या तऱ्हेवरून झालं. सलोमा हुंकार देत होती. इंजिनाशी झगडायचं नसल्याने आपला आवाज आपोआप खाली आलाय, हे मालिंडाच्या ध्यानातही आलं नाही.

“आणि खरं सांगू का तुला,” ती म्हणाली. “मी त्या खोलीत असते ना, तर माझा नातू, एली, आज पावलं टाकत असता. आईला अशी झोप लागतेच कशी गं? चार महिन्यांचं लेकरू कुशीपाशी, आणि ही सकाळपर्यंत ढाराढूर!”

सलोमाने तिच्या मांडीवर हात ठेवला. ठेवला कसला, दाबलाच.

मधल्या बाकावरच्या सुया थांबल्या होत्या. मालिंडाने मान वळवली नाही. चाकांची बारीक सूं-सूं तेवढी येत होती. मग पार मागून आणखी एक आवाज आला, इतका लहान की घरच्या शांततेतही चुकला असता. कुणीतरी दातांनी शिवणाचा दोरा तोडला होता.

तो आवाज तिथून इथवर आला होता.

मालिंडाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टोपीची नाडी सैल केली, पुन्हा घट्ट केली. हातातला रुमाल घडी करकरून तिने पेरभर करून टाकला. लग्नघर आलं.

“कशी काय वाटली गाडी?” उतरताना वेंडेलने हौसेने विचारलं. “राहिलाय का आवाज कुठे?”

“नाही,” ती म्हणाली. “ऐकू येतं सगळं.”

पायरीशी लोविना उभी होती. नेहमीसारखा तिने सासूला उतरायला हात पुढे केला. मालिंडाने तो धरला, पण नजर तिच्या बुटांवरच ठेवली.

लग्नात तिचं लक्ष लागलं नाही. प्रवचन झालं, वचनं झाली, पंगती बसल्या. लोविनाने तिच्यासाठी कोंबडीचा मऊ तुकडा बघून वाढला, तिच्या दाढेला सोसवेल असा. मालिंडा सुनेच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिली. राग दिसला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देणं तिला येत होतं. पण चेहरा रोजचाच होता, वर्षापासून होता तसा. ऐकलं नसेल, तिने स्वतःला समजावलं. डबे वाजत असतील. डोळा लागला असेल.

भांडी घासायला दोघी शेजारी शेजारी आल्या तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

“येताना झोप लागली का गं मागे?”

“थोडी लागली.” लोविना ताट पुसत होती. “आज तुम्ही हळू बोललात, आई.”

मालिंडाचा हात साबणाच्या पाण्यात थांबला.

“एरवी?”

“इंजिन तुमच्यापाशी असायचं ना. आम्हाला मागे त्याचा एवढा त्रास नव्हता. तुम्हालाच त्याच्यावर आवाज काढावा लागायचा.” तिने पुसलेलं ताट चळतीवर ठेवलं आणि पुढच्यासाठी हात पसरला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं तसं सांगितलं तिने.

मालिंडाने ताट दिलं. मग दुसरं दिलं. डोळ्यांपुढून एकेक खेप जायला लागली. दातांच्या डॉक्टरकडची. पेनसिल्व्हेनियातल्या मयताची. एलीला जाऊन पुरता महिना झाला नव्हता तेव्हाची, बाजाराची. त्या खेपेला तर ती इतकी ओरडली होती की घसा बसला होता, आणि रात्री लोविनानेच तिला मध घालून गरम पाणी आणून दिलं होतं. तेव्हा मालिंडा म्हणाली होती, ‘पुरे, फार गोड केलंस.’

“आई, ताट निसटतंय,” लोविना म्हणाली.

परतीला बायका गाडीत चढायला लागल्या तेव्हा ऊन कलत होतं. मालिंडा सगळ्यांच्या आधी चढली, पहिल्या बाकाला ओलांडून, मधलं बाक धरत धरत, टोपी छताला घासत शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

“अहो, तुमची जागा इकडे आहे!” वेंडेलने मान वळवून म्हटलं. “मागे चाकांवर गचके बसतील कमरेला.”

“कंबर माझी आहे. तू गाडी हाक.”

“ताई?” सलोमा पहिल्या बाकावरून म्हणाली.

“बस तू तिथे. पाय पसरून बस.”

लोविना चढली, सासूला पाहून क्षणभर थबकली, मग रिकामे डबे पायाशी सरकवून तिच्या शेजारी टेकली. मधे वीतभर जागा राहिली. गाडी निघाली. किती मैल गेले, मालिंडा खिडकीकडे बघत होती. तिला आयुष्यात शब्दांची वाण पडली नव्हती. आज जो धरावा तो ओठांशी येऊन मागे फिरत होता. आणि हळू बोललं तरी आता गाडीभर ऐकू जाणार होतं. मधल्या दोघी कान देऊन बसल्या होत्या, ते त्यांच्या पाठींवरूनच कळत होतं.

ऐकू देत, तिला वाटलं. तेवढं तरी होऊ दे.

“लोविना,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “एली गेला, त्या रात्रीचं मी तुला कधी विचारलंच नाही.”

सलोमाची मान ताठ झाली. सुया थांबल्या.

“सांगशील?”

लोविनाने हात मांडीवर पालथे ठेवले, उलटे केले, पुन्हा पालथे ठेवले.

“संध्याकाळी तो पहिल्यांदा पालथा पडला होता,” ती म्हणाली. “तुम्ही निजला होतात. म्हटलं, सकाळी दाखवू.”