माझी कोरी पाठ

मित्रांनो, मी चित्र जोडण्याचा एक जुना लाकडी खेळ आहे. दुकानात मला जिगसॉ म्हणत, घरात मला नुसते 'तुकडे' म्हणतात. "तुकडे काढा रे" अशी हाक आली की समजावे, माझीच आठवण झाली आहे. नाव काही फार भारदस्त नाही, पण मी ते मनाला लावून घेतलेले नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आधी मी सपाट फळी होतो. एका बाजूला बंदराचे चित्र चिकटवलेले होते: खाली होड्या, मध्ये दगडी पायऱ्यांवर वाळत घातलेली जाळी, आणि वर नुसते निळेच्या निळे आकाश. दुसरी बाजू कोरी. मग एका कारागीर बाईंनी बारीक पात्याच्या करवतीने मला कापले. त्या गुणगुणत काम करत, आणि मनात येईल तसे पाते वळवत. म्हणून माझा एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही. दुखले का, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर गुदगुल्या झाल्या. पुढे डब्यावर छापले, 'बुद्धी तल्लख करणारा खेळ, पाच ते पंचाहत्तर वर्षांच्या मुलांसाठी'. बुद्धीचे मला ठाऊक नाही, मी कुणाच्या डोक्यात शिरून पाहिलेले नाही. वयाचे मात्र अगदी खरे निघाले.

मला विकत घेतले ते किल्ल्या बनवणाऱ्या एका माणसाने, धाकट्या भावाच्या दोन मुलींसाठी. ते भावाच्या घरीच राहत. मुली त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. रात्रीची जेवणे झाली की टेबल पुसून मला पसरायचे, असा त्या घराचा शिरस्ता पडला. प्रत्येकाचा भाग ठरलेला होता. ताईच्या होड्या, धाकटीच्या पायऱ्या. जाळी त्यांच्या आईकडे, कारण त्या शिवणकाम करत आणि धाग्यादोऱ्यातले आपल्यालाच कळते असे त्यांचे म्हणणे. बाबा कडेचे तुकडे लावत आणि जांभया देत. आकाश मात्र कुणालाच नको असे. सगळे एकसारखे निळे, जीव मेटाकुटीला येई.

"द्या इकडे," काका म्हणाले. "दिवसभर किल्ल्यांचे दातच बघतो. हे काय वेगळं आहे?"

तेव्हापासून आकाश काकांचे झाले. फिकट निळा कोणता, गडद कोणता, हे न्याहाळत ते एकेक तुकडा लावत. शेवटचा तुकडा बसला की सगळे मिळून टेबलावर थाप मारत. माझे अंग हादरून जाई, पण फार बरे वाटे.

काही वर्षांनी काकांची नजर मंदावू लागली. आहे तेवढी टिकवू, गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. आधी काकांचे दुकान सुटले. मग निळ्या रंगांतला फरक कळेनासा झाला. एकच तुकडा हातात घेऊन ते कितीतरी वेळ बसत.

इथे घरच्यांची चूक झाली. मायेपोटी झाली, पण झाली. ताई आकाशाचे तुकडे आधीच ओळीने लावून काकांच्या हाताशी ठेवू लागली. हात घातला की हवा तोच तुकडा यावा, असा तिचा बेत. काही दिवस सगळे सुरळीत चालले. मग एकदा काकांचा हात थांबला.

"आकाश इतकं शहाण्यासारखं कधी वागलं नव्हतं," ते म्हणाले. हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला. "खेळा तुम्ही. मी पडतो जरा."

दुसऱ्या दिवशी आईंनी हाक मारली, "भाऊजी, तुकडे काढलेत, या ना."

"तुमचं चालू द्या," आतून उत्तर आले.

मग रोज तेच. काका जेवत आणि खोलीत जात. त्यांच्याशी सगळे हळू आवाजात, जपून जपून बोलू लागले. माझी रवानगी कपाटावर झाली. धुळीचे मला एवढे काही वाटले नाही. टेबलापाशी एक खुर्ची रिकामी दिसे, त्याचे वाईट वाटे.

एका सुटीच्या दुपारी धाकटीने मला खाली काढले. ताईला चित्र तोंडपाठ, तीच नेहमी जिंकते, याचा तिला राग होता.

"आज उलटं लावायचं," ती म्हणाली. "चित्र खाली, कोरी बाजू वर. ज्याचे जास्त तुकडे बसतील तो जिंकला."

ताई तोऱ्यात तयार झाली आणि थोड्याच वेळात रडकुंडीला आली. आई-बाबा मदतीला आले, तेही घामाघूम. होडी कुठली, जाळी कुठली, काहीच उमगेना. वैतागून धाकटी एक तुकडा भलत्याच जागी दाबू लागली. मी करकरलो. तेवढ्यात आतले दार उघडले.

"जोर कोण लावतंय?" काकांनी विचारले. "बसत नाही म्हणजे तो तिथला नाही."

"मग तुम्हीच सांगा कुठला," धाकटी फणकारली. "आम्हाला काही दिसतच नाहीये."

ती बोलून गेली. ताईने तिला चिमटा काढला. काका मात्र हसले.

"असं होय. मग सरका जरा."

ते बसले. माझ्या कडांवरून त्यांची बोटे फिरली, खाच चाचपली, आणि पहिला तुकडा अलगद बसला. मग दुसरा, मग तिसरा. ताईने सवयीने हात पुढे केला, पण काय सरकवायचे ते तिलाच कळेना. मध्येच काकांचा एक तुकडा चुकला आणि ताईने तो उपटला. ते म्हणाले, बरोबर आहे. ती म्हणाली, अजिबात नाही. दोघे कडाकडा भांडले. कितीतरी दिवसांत काकांशी कुणी असे भांडले नव्हते. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आता मी रोज टेबलावर पालथा पडतो. माझे सुंदर बंदर कुणी बघत नाही. थोडे वाटते, पण चालायचेच.

मित्रांनो, माझ्यासारखे खेळ तुमच्या घरी असतील, तर त्यांचे तुकडे हरवू नका, ओल्या हातांनी धरू नका. आणि घरातले कुणी मागे पडले, तर गुपचूप त्याच्यासाठी खेळ सोपा करू नका. त्याला ते कळते. डोके लढवा आणि खेळ असा मांडा की त्याला तुम्हाला खरोखर हरवता येईल आणि तुम्हालाही त्याला.

काल काका हरले. धाकटीने हरवले. चहा तसाच ठेवून ते उठले आणि दारातून वळून म्हणाले, "उद्या बघतो एकेकाला."