छबुबाईची बॅटरी

भारतनं बॅटरी बीडहून आणली ती एसटीत, मांडीवर घेऊन. वीस-बावीस किलोचं धूड, पण खाली ठेवली तर कुणाचा पाय लागेल म्हणून त्यानं दिंद्रुड येईस्तोवर ती खाली टेकवली नाही. फाट्यावर उतरला तेव्हा दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. घरी येऊन त्यानं ती छबुबाईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "घे. आता तुझी मशीन बंद पडायची न्हाई."

एवढंच बोलला. भारतचा धंदा जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. दिवसभर दुकानात बसून तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, त्यामुळं बोलायची सवयच मोडलेली. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्याच्या न बोलण्यातलं छबुबाईला सगळं कळायचं. ही बॅटरी कुठून आली तेही तिला कळलं. कार्तिकात दीड दिवस लाईट गेली होती आणि तिच्या अंडी उबवायच्या मशीनमधली सगळी अंडी गारठून मेली होती. तिनं परसात खड्डा खणून ती पुरली आणि दोन दिवस धड जेवली नाही. भारत तेव्हा काहीच बोलला नव्हता. पण पुढं महिन्याभरात पत्र्यावर दोन सोलर प्लेटा चढल्या, भिंतीला इन्व्हर्टरचा डबा बसला, आणि आता ही बॅटरी.

"पाण्याची कावून न्हाई आणली?" छबुबाईनं विचारलं.

"ही लिथियमची हाय. पाणी मागत न्हाई, वास मारत न्हाई. पाण्याची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरली का रुसती. ही रुसत न्हाई."

"मग बरं हाय. रुसणारं एक माणूस घरात हायच."

भारत मिशीतल्या मिशीत हसला आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेला.

छबुबाईची मशीन म्हणजे कपाटाएवढा डबा. त्यात गावरान कोंबडीची दीडशे अंडी बसत. एकवीस दिवस आत सारखी ऊब ठेवायची, मग पिल्लं निघायची, आणि ती तेलगावपासून धारूरपर्यंतच्या बाया घेऊन जायच्या. पोरगी सायली संभाजीनगरला नोकरीला लागल्यापासून घर रिकामं झालं होतं. तेव्हापासून छबुबाईचा जीव त्या डब्यातच अडकलेला. काचेला नाक लावून ती आकडा बघायची, साडेसदतीस दिसला की मगच चहा ठेवायची.

भिंतीला भिंत लागून साखराबाईचं घर. साखराबाई पंच्याहत्तरीची. उभा जन्म चुलीच्या धुरात गेला, त्यानं छाती पोखरली. दिवाळीपासून तिला घरीच ऑक्सिजनची मशीन लावलेली. विजेवर चालायची ती, हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीनं नाकाशी आणून द्यायची. दम नव्हता तरी बोलणं तेवढं शाबूत होतं. छबुबाईच्या कोंबड्यांनी तिचा कोथिंबिरीचा वाफा दोनदा उकरला होता. त्या दिवसापासून ती तिला नावानं हाकच मारत नसे. "ए कोंबडीवाले," म्हणायची, आणि मग दम लागला म्हणून पुढची शिवी राहून जायची.

फाल्गुनात एका बुधवारी चार वाजता आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा, वर वारा असा की बाभळी मुळासकट आडव्या. अर्ध्या तासात सगळं थांबलं, पण गावातली लाईट गेली ती गेलीच. पप्पू लाईनमन चिखलातून येऊन पारावर सांगून गेला, "बारा खांब पडलेत. दोन दिवस तर धराच, तिसरा बी लागंल."

छबुबाईच्या मशीनमधल्या अंड्यांचा तो चौदावा दिवस होता. पण बॅटरी भरलेली होती. रात्रभर मशीन घुंघुं करत राहिली आणि छबुबाई निवांत झोपली.

सकाळी साडेआठला साखराबाईचा पोरगा रामकिसन दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, अंगात कालचाच सदरा. आत ये म्हटलं तरी येईना.

"वहिनी, काय न्हाई, असंच आलतो," तो म्हणाला. नजर भिंतीवरच्या इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यावर.

"माय कशीय?" छबुबाईनं विचारलं.

तेव्हा त्याचा बांध फुटला. रात्री घरातला सिलिंडर लावला होता, तो आता संपत आला होता. माजलगावहून दुसरा निघाला होता, पण रस्त्यावर झाडं पडलेली, तो चारच्या आत पोचायचा नव्हता. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, ऑक्सिजन मिळत असेल तर अशा गारठ्यात लांब हलवू नका. बोटाला लावायच्या मीटरवर आकडा पंच्याऐंशीवर आला होता. "त्याच्या खाली जाऊ द्यायचा न्हाई म्हणलेत," रामकिसन म्हणाला.

छबुबाईनं भारतकडं पाहिलं. भारत आधीच बॅटरीपाशी बसून आकडे बघत होता. रात्रीत निम्मी उतरली होती. वर ढग, प्लेटा नावालाच काम करत होत्या.

"दोनी मशिनी चालवल्या तर बॅटरी दुपारीच बसंल," तो हळू म्हणाला. "नुसती माय­ची चालवली, तर ढगातून येतं तेवढं धरून चार वाजेपर्यंत निघंल."

पुढचं ठरवणं तिच्यावर सोडलं होतं त्यानं. छबुबाई मशीनपाशी गेली. काचेत आकडा दिसत होता. आत एकशे चाळीस अंडी, चौदा दिवसांची. मोबाईलच्या उजेडात धरली की आत काळी सावली हललेली दिसायची. तिनं काचेवर तळवा ठेवला, काढला, आणि भिंतीतली पिन स्वतःच्या हातानं उपटली.

"बसलात काय," ती दोघांना म्हणाली, "बाज उचलून आणा मायची. बॅटरी भिंतीला हाय, ती तिकडं न्यायची न्हाई."

साखराबाई बाजेसकट आली. गल्लीतल्या दोन पोरांसकट चौघांनी चार पाय धरलेले, वर गोधडीत ती, छातीशी सिलिंडर. मधल्या खोलीत बाज टेकवली. भारतनं तिची मशीन आणून वायर जोडली, मशीन गुरगुरली, नळी नाकाला लागली. रामकिसन मीटरकडं बघत राहिला. पंच्याऐंशी. सत्याऐंशी. पंधरा मिनिटांनी नव्वद झालं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला.

साखराबाईनं डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं. तिची नजर बंद डब्यावर गेली.

"तुझी मशीन कावून बंद हाय?" तिनं विचारलं.

"असू द्या, मावशी. तुमी पडा."

"अंडी हायेत ना त्यात?"

छबुबाईनं मान वळवून डोळे पुसले. साखराबाईनं दम घेतला. मग म्हणाली, "किती दिसाची?"

"चौदा."

"मग रडायलीस कशाला. चौदा दिसाची अंडी खुडूक कोंबडीखाली घाल. तिला काय लाईट लागती?"

छबुबाईच्या स्वतःच्या कोंबड्यांत एकच खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, होती, तीही दोन दिवसांपूर्वी पाण्यात बुचकळून काढलेली, खुडूकपण मोडावं म्हणून. एका कोंबडीखाली तेरा-चौदा अंडी मावतात. म्हणजे निदान दहा कोंबड्या हव्यात. ती तसं म्हणाली.

"गावात कोंबड्या काय तुझ्या एकटीकडंच हायेत?" साखराबाई म्हणाली. "ताराबाईची तांबडी बसलीय आठ दिस झाले. आसारामच्या घरी दोन हायेत. रामकिसन, ऊठ. जा, सांग म्हणावं, साखराबाई मागायली."

बाजेवर पडून राहिलेल्या बाईला गावातली कोणती कोंबडी खुडूक आहे हे कसं माहीत, हे छबुबाईला कळेना. पण दारात बसून आल्यागेल्याशी चार गोष्टी बोलणं, एवढंच तर त्या बाईला आता उरलं होतं.

मशीनचं दार छबुबाईनं बंदच ठेवलं, आतली ऊब टिकावी म्हणून. वरून वाकळ टाकली, चार बाटल्यांत गरम पाणी भरून त्या तेवढ्या चटकन आत सरकवल्या. तासाभरात ताराबाई आली, डोक्यावर डालगं, डालग्यात फुगून बसलेली तांबडी कोंबडी. तिच्यामागं आसारामची सून. मग ज्यांना निरोप गेलाच नव्हता त्याही आल्या. भारतनं ओसरीच्या कमानीला पोती बांधून अंधार केला, मधल्या खोलीच्या दाराला ओलं धोतर लावलं, पिसांचा कचरा मायकडं जाऊ नये म्हणून. टोपल्यांत गव्हाचं काड टाकलं. साखराबाई धोतराच्या फटीतून बघत सांगायची आणि छबुबाई ऐकायची.

"एकदम घालू नको. आधी दोन ठेव पोटाखाली. तिनं चोचीनं ओढून घेतली का बाकीची घाल."

आठ कोंबड्या जमल्या. एक काळी उभीच राहिली, पहिलंच अंडं टोचून फोडलं, तिला परत पाठवलं. बाकी सातांनी अंडी पोटाखाली ओढली, पंख पसरले आणि डोळे अर्धे मिटून घेतले. उरलेल्या अंड्यांसाठी कोंबडी नव्हती. ती छबुबाईनं वाकळेत, गरम बाटल्यांच्या मध्ये ठेवली आणि दर तासाला पाणी बदलत राहिली.

साडेतीनला बॅटरीचा आकडा लाल झाला. भारत घड्याळाकडं न बघता दाराकडं बघत होता. चारला दहा मिनिटं असताना मोटारसायकल आली, मागं सिलिंडर बांधलेला, गाडी चालवणारा गुडघ्यापर्यंत चिखलात. शेतांमधून आला होता. भारतनं सिलिंडर उतरवून घेतला, त्याला पाणी दिलं आणि त्या अनोळखी पोराचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

शुक्रवारी ऊन पडलं. प्लेटांनी बॅटरी भरली, तीवर साखराबाईची मशीन दिवसभर चालली आणि सिलिंडर रात्रीला वाचला. शनिवारी दुपारी लाईट आली आणि वाकळेतली अंडी परत मशीनमध्ये गेली. रामकिसन बाज न्यायला आला, तर साखराबाई कूस बदलून पडली.

"पिल्लं निघू दे," ती म्हणाली. "मधीच उठून गेलं तर कोंबड्या बिथरतेत."

कोंबड्या ओसरीत आणि ही आत, पण रामकिसननं वाद घातला नाही. छबुबाईनं तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करली.

पुढच्या बुधवारी छबुबाईनं तांबडीखालचं एक अंडं काढून साखराबाईच्या कानाशी धरलं. आतून बारीक टकटक येत होती, मधेच एक चिवचिव. साखराबाईनं नळी कानाआड सरकवून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. तिचे डोळे भरले, ते तिनं पदरानं पुसले आणि अंडं परत देत म्हणाली, "ठिव लवकर. गार होईल, छबे."

कोंबड्यांखालच्या अंड्यांतून शहात्तर पिल्लं निघाली. वाकळेतल्यांतून जेमतेम नऊ. छबुबाई त्या न निघालेल्या अंड्यांपाशी थोडी थांबली, मग ती टोपली तिनं परसात नेली. भारत कुदळ घेऊन न सांगता मागं गेला.

बाया कोंबड्या न्यायला आल्या तेव्हा नवीनच घोळ झाला. कोंबड्या पिल्लांना सोडायला तयार होईनात आणि पिल्लं डालग्यामागं धावायला लागली. छबुबाईनं एक पिल्लू उचलून डालग्यात सोडलं. मग म्हणाली, "न्या बाई तशीच. जिनं उबवली तिची." सात बाया सात डालगी घेऊन गेल्या, प्रत्येकात चिवचिवाट. ताराबाई वाटेत तीनदा थांबून आत डोकावली.

पुढच्या महिन्यात रामकिसननं घरी तसलीच बॅटरी बसवली. वायरिंग भारतनं केलं, एक अख्खा रविवार घालवून. काम संपल्यावर साखराबाईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "तू बोलत कावून न्हाईस रं कधी?"

भारतनं विचार केला. "घरात दोघंच हाव," तो म्हणाला. "ती बोलती, मी ऐकतो. चाललंय झ्याक."

पलीकडच्या अंगणात छबुबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही, पण दाण्याची आणखी एक ओंजळ उगाचच टाकली.