सारंगाची बदली

सौदीतल्या राबिघच्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलेल्या त्या टगबोटीवर खलाशांचा मुकादम असलेल्या नागेश सारंगाला चौदा महिने झाले होते. मालक दिवाळं काढून गायब झाला, खलाशी एकेक करून घरी गेले आणि उरले दोघेच: गुहागरचा नागेश आणि श्रीवर्धनचे मुझम्मिलभाई भंडारी, म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी. भाईंचे घरी जायचे कागद पुढच्या महिन्यात होणार होते. नागेशचं तसं नव्हतं. डेकचं काम जाणणारा एक माणूस जहाजावर हवाच, बदली मिळाली तरच उतरायचं, असं बंदरवाल्यांनी त्याला एकट्याला बजावलं होतं. आणि तिकडे घरी, बायको रोशनीला झालेली मुलगी चालायला लागली होती; बापानं तिला फोनवरच पाहिलेली.

मग नागेशनं भाईंनाच शिकवायला घेतलं. दोर, नांगर, पंप पन्नाशीच्या भाईंनी आठवड्यात उचलले. घोडं अडलं इंग्रजी नावांपाशी. लिहायचं बोट्स्वेन, म्हणायचं बोसन. लिहायचं फोरकासल, म्हणायचं फोक्सल. लीवर्डचं लूअर्ड! अर्धी अक्षरं इंग्रजांनी समुद्रात फेकली की काय कोण जाणे. भाई भाकऱ्या थापता थापता घोकायचे, चुकले की स्वतःच हसायचे. यानं बढती मिळेल, असं नागेशनं सांगितलं होतं. बदलीचं मात्र पोटातच ठेवलं.

परीक्षा घ्यायला बंदराचा इन्स्पेक्टर उस्मान आला. त्यानं जहाजावरच्या नावांच्या इंग्रजी यादीतला एकेक शब्द वाचायला लावला, ती ती वस्तू दाखवायला सांगितली. भाई कुठेच अडखळले नाहीत. एखादा शब्द चुकावा असं नागेशला वाटलं, आणि चुकू नये म्हणून तोच प्रत्येक शब्द आधी मनात म्हणत होता. उस्माननं नागेशचं नाव खोडून खाली मुझम्मिल लिहिलं आणि "खलास", म्हणजे झालं काम, असं म्हणाला. बदली मिळेपर्यंत जहाज सोडायचं नाही, असं लिहिलेला तो कागद अरबीत होता. भाईंनी हौसेनं सही ठोकली.

बॅग उचलून नागेश शिडीकडे निघाला, तर भाईंनी हात धरून त्याला दुसऱ्या बाजूला नेलं.

"इकडून उतरा, सारंग. लूअर्डनं. तिकडे वारा आहे, पडाल."

त्यांनी स्वतः शिडी बांधली आणि तो लाँचमध्ये पोचेपर्यंत धरून ठेवली. मग वरून वाकून विचारलं, "पुढच्या महिन्यात माझा नंबर ना?"

नागेशला स्वतःची किळस आली. लाँचचं इंजिन सुरू झालं होतं.

"हो, भाई," तो म्हणाला, आणि राबिघकडे तोंड करून बसला.