सरावाची आई

कडक पहाऱ्याच्या तुरुंगात भेटीला जायचं म्हणजे अर्धा माणूस दारातच काढून ठेवावा लागतो. शिंपीणबाईंना आता सगळं तोंडपाठ झालं होतं. फोन, पर्स, केसांतल्या पिना, सगळं खोक्यात. राखाडी रंगाचं काही घालायचं नाही, कारण आत कैद्यांचे कपडे राखाडी. बसल्यावर हात टेबलावर, तळवे वर. हात लावायचा नाही. रडायला परवानगी आहे, पण रुमाल आत नेता येत नाही. आता बोला! हा नियम ज्या कोणा शहाण्याच्या डोक्यातून निघाला, त्यालाच एकदा तिथं बसवून चांगलं रडवायला हवं, असं त्या दर खेपेला म्हणायच्या. मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणून भेट रद्द करून घेण्याइतक्या त्या काही खुळ्या नव्हत्या.

आजची भेट मात्र नेहमीची नव्हती. लेकाला 'घरी परतण्याचा सराव' नावाच्या कार्यक्रमात घेतलं होतं. दोन कैद्यांची जोडी लावायची. एकानं घरच्या माणसाचं काम करायचं, दुसऱ्यानं सुटून आल्यासारखं दार वाजवून आत यायचं. कुठं बसशील, काय बोलशील, हे वर्षभर घोटून घ्यायचं, आणि शेवटच्या दिवशी खरं घरचं माणूस बघायला बोलवायचं. त्या माणसानं सगळ्यांदेखत 'ह्याला घरी घेते' म्हटलं, तरच सुटकेचं पुढं सरकणार. नाही म्हटलं, तर उरलेली वर्षं आतच काढायची.

शिंपीणबाई 'हो' म्हणायलाच आल्या होत्या. धाकट्या बहिणीनं आकाशपाताळ एक केलं होतं. "अगं ताई, डोकं फिरलंय का तुझं? कारखान्यातल्या भागीदाराला हातोडीनं मारलं त्यानं! आणि तू त्याच्यासाठी खोली झाडतेस?"

"पोटचा पोर आहे," एवढंच बोलून त्यांनी खोली झाडली. नवी चादर घातली. आणि स्वतःच्या खोलीच्या दाराला आतून आणखी एक कडी बसवून घेतली. त्या कडीबद्दल मात्र त्या बहिणीकडंही चकार शब्द बोलल्या नाहीत.

सरावाच्या खोलीत मधोमध एक दाराची चौकट उभी होती. भिंत नाही, काही नाही, नुसतं दार. पलीकडं टेबल आणि दोन खुर्च्या. कार्यक्रम चालवणारी मॅडम वयानं त्यांच्या भाचीएवढी.

"मावशी, घंटी वाजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही हं," त्यांना बाजूच्या टेबलाशी बसवत ती म्हणाली. "मध्ये बोललात तर सगळं बाद होतं."

"आणि आईला बघून दचकू नका," दारातला पहारेकरी हसत म्हणाला. "आत सगळे त्याला आईच म्हणतात. जेवणाच्या रांगेतसुद्धा पुढं सोडतात."

लेकाची ती आई आली, आणि शिंपीणबाईंना हसूच फुटायचं बाकी राहिलं. टकला, आडदांड, बैलासारखी मान. हा माझं काम करणार? कप्पाळ माझं!

मग तो खुर्चीत बसला. मांडीवर नसलेलं कापड त्यानं सारखं केलं, डोळे बारीक करून नसलेली सुई उजेडाकडं धरली आणि दार वाजल्यावर ओठ घट्ट मिटून, तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला, "कोण आहे?"

शिंपीणबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओठांत टाचण्या धरून त्या जन्मभर असंच बोलत आल्या होत्या. ते दिसतं कसं, हे मात्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

लेक चौकटीतून आत आला.

"आलास? चपला बाहेर काढ, आत्ताच पुसलंय."

लेक हसला. अगदी मनापासून. एवढ्या भेटींत असं हसू शिंपीणबाईंच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मेल्या, इतका छान हसतोस होय, असं त्यांच्या मनात आलं.

"आई, आता मी इथंच राहू ना?"

मॅडमनं मान डोलावली. पुढचं वाक्य ठरलेलं होतं. 'राहा की, घर तुझंच आहे.' वर्षभर तेच घोटलं होतं.

टकल्या माणसाचा टाके घालणारा हात थांबला. त्यानं लेकाकडं पाहिलं नाही. त्यानं थेट शिंपीणबाईंकडं पाहिलं.

"नको राहूस," तो म्हणाला. "मला तुझी भीती वाटते रे."

आवाज पुरुषाचाच होता, घोगरा. थांबण्याची, श्वास घेण्याची तऱ्हा मात्र शिंपीणबाईंची होती.

"त्या संध्याकाळी तू हात धुतलेस, जेवलास, दुसऱ्यांदा वाढून घेतलंस आणि ढाराढूर झोपलास. मी तुझा शर्ट बघितला होता. उजाडेपर्यंत तुझ्या दाराबाहेर बसले होते, मोठी कात्री मांडीवर घेऊन. तू बाहेर आला असतास तर मी काय केलं असतं, ते मला अजून ठाऊक नाही."

हे शिंपीणबाईंनी पोलिसांना सांगितलं नव्हतं, कोर्टात नाही, बहिणीला नाही. लेक तर आत घोरत होता. मग ह्या माणसाला कोणी सांगितलं?

"हे ठरलेलं नाहीये," मॅडम पुटपुटली. लेकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

'खोटं आहे' म्हणून ओरडावं, असं शिंपीणबाईंना वाटलं. पण घंटी वाजली नव्हती. त्या तळवे वर करून तशाच बसून राहिल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं. इतकी वर्षं छातीवर होतं ते कोणीतरी एकदाचं बोलून टाकलं होतं. मग त्या हलकं वाटण्याचीच त्यांना एवढी लाज वाटली की डोळे भरून आले, आणि पुसायला रुमाल नव्हता.

घंटी वाजली.

"मावशी, बोला आता," मॅडम घाईघाईनं म्हणाली.

शिंपीणबाई उठल्या. "घरी ये रे बाळा," त्या मोठ्यानं, तोंड उघडून म्हणाल्या. "मी घेते ह्याला घरी. सगळ्यांनी ऐका. मला कसली आलीय भीती? आई आहे मी त्याची!"

लेकानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो टकल्या माणसाच्या पायाशी बसला होता, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर ठेवून. कोणी अनोळखी दारात आलं की लहानपणी विचारायचा, तसं त्यानं हळूच विचारलं, "ही बाई खरं बोलतेय का गं, आई?"

त्या माणसानं टाचण्या धरल्यासारखे ओठ घट्ट मिटले. आणि शिंपीणबाईही उत्तरासाठी त्याच्याच तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या.